एस्टीमचे मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक टाकायचेत, स्वस्तात कसं जमेल?

एस्टीम-09 (रविवार, रात्री 10:40)

मंडळी नमस्कार. गाडी 2003 ची मारुती एस्टीम. वडिलांनी घेतलेली, पहिल्या दिवसापासून आमच्याच दारात. 2023 ला दुसऱ्यांदा पासिंग झालंय, म्हणजे 2028 पर्यंत ती कुठं जात नाही. इंजिनची तक्रार नाही. तक्रार ब्रेकची आहे.

गेल्या महिन्यात गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कणकवलीला निघालो होतो. घरचे पाच जण आणि डिकीत पाव्हण्यांसाठी गुळाच्या ढेपा. निम्मा घाट उतरलो आणि पेडल मऊ लागायला लागलं, स्पंजावर पाय द्यावा तसं. शेवटच्या वळणांवर तर ते जवळजवळ मॅटला टेकलं. सोडून परत मारला तेव्हा कुठं धरला. मागनं आईचा आवाज आला, "जोतिबाच्या नावानं चांगभलं." खाली आल्यावर अर्धा तास गाडी कडेला लावली. सगळीकडं जळकट वास.

गॅरेजवाला म्हणतो, ड्रम हे जुनं तंत्र, मागं डिस्क टाका, विषय संपला. बजेट आठ ते दहा हजार. भंगारातले कॅलिपर (डिस्कची चकती दोन्हीकडून पॅडनं दाबणारा भाग) घेऊन, उद्यमनगरात ब्रॅकेट करून घेऊन हे जमेल का? कुणी केलंय का?

कसबा-बावडा (रविवार, रात्री 10:52)

नाद खुळा! कर की भावा, इचारतोस काय. चारी चाकाला डिस्क म्हंजे जगात भारी.

पुण्याहून-परत (रविवार, रात्री 11:05)

दहा हजार ब्रेकवर घालण्यापेक्षा गाडी विका, वर थोडे घालून एबीएसवाली सेकंडहँड घ्या.

कसबा-बावडा (रविवार, रात्री 11:07)

वडलांची गाडी हाय म्हणतोय न्हवं त्यो. पुण्यात ऱ्हाऊन काळीज बी विकलंस काय रं?

घाटवाट (सोमवार, सकाळी 7:15)

एस्टीमवाले, डिस्कचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी सांगा. घाट कितव्या गिअरमध्ये उतरलात? ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? आणि पेडल मऊ झालं होतं, की पेडल घट्ट होतं पण गाडीच थांबत नव्हती?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. लायनर (ड्रमच्या आत घासणाऱ्या शूचं अस्तर) किंवा डिस्कचे पॅड तापून पकड गेली तर पेडल दगडासारखं घट्ट लागतं, गाडी मात्र पळत राहते. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ऑइल उकळून त्यात वाफ झालेली असते. वाफ दाबली जाते, म्हणून पायाला स्पंज लागतो. दोन्ही आजार वेगळे, औषधंही वेगळी.

एस्टीम-09 (सोमवार, दुपारी 1:30)

पेडल मऊच होतं. ऑइल कधी बदललं ते खरंच आठवत नाही. आत्ता टाकी उघडून बघितली, कोरा चहा दिसतोय. गिअरचं विचारू नका राव. बराचसा चौथ्यात, आणि दोनेकदा न्यूट्रल. पेट्रोल वाचतं म्हणून वडलांपासूनची सवय.

घाटवाट (सोमवार, रात्री 9:20)

सापडला चोर. वडिलांना नमस्कार सांगा, पण ही सवय मोडा.

ढोबळ हिशोब देतो. माणसं आणि गूळ धरून गाडी 1200 किलो. ताशी 80 वरून एकदा पूर्ण थांबवायला ब्रेकना साधारण 3 लाख ज्यूल उष्णता गिळावी लागते. 400 मीटर उंची न्यूट्रलमध्ये नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ती 47 लाखांवर जाते. म्हणजे 80 च्या वेगातून कचकन सोळा वेळा थांबण्याइतकी उष्णता, आणि मधे गार व्हायला उसंत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर यातला मोठा हिस्सा इंजिन खातं.

आता ऑइल. ते हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी शिरलं की लवकर उकळतं. डॉट 3 प्रतीचं ऑइल नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत टिकलं पाहिजे, ओलावा धरल्यावर हा आकडा 140 वर येतो. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. तुमचा कोरा चहा यातल्या कुठल्या टोकाला असेल ते तुम्हीच ठरवा.

आणि गंमत बघा. सगळ्यात जास्त तापतात ते पुढचे ब्रेक, आणि तुमच्या गाडीला पुढं डिस्कच आहेत. जी वस्तू तुम्हाला मागं हवीय, तिच्याच कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं.

उद्यमनगरचा-लेथवाला (सोमवार, रात्री 11:48)

मी केलंय. एस्टीमलाच. पाच वर्षं झाली. सगळं सांगतो, मग ठरीव.

एस्टीमचा मागचा ड्रम म्हंजे नुसतं झाकण न्हाई. बेअरिंग ड्रमातच बसत्यात, चाक ज्याच्यावर बसतं त्यो हब आन् ड्रम एकच वस्तू. ड्रम काढून टाकला तर चकती बसवायची कशावर? म्हणून मी जुनं ड्रम लेथवर चढवून त्याची बाहेरची कड सगळी उतरवली, नुसता हबचा भाग ठेवला, आन् त्याच्यावर चकती बसवून लांब स्टड घातलं. ड्रमच्या मागं जी बॅकप्लेट असती तिच्या जागी 12 मिलिमीटर जाड प्लेट लेझर कट करून घेतली, तिच्यावर कॅलिपर.

पयलं लफडं चाकाचं. रिम 13 इंची, म्हंजे 330 मिलिमीटर, आन् आतली जागा त्याहून कमीच. भंगारात मिळालेली चकती 260 ची. वर कॅलिपरचं कुबड आलं, चाक चढंना. बारकी चकती शोधण्यात महिना गेला. एस्टीमचा पीसीडी, म्हंजे चाकाच्या बोल्टांच्या गोलाचं माप, 4 बाय 114.3. जी चकती बसली ती दुसऱ्याच पीसीडीची, मग भोकं नवी पाडली.

दुसरं लफडं ऐकून हसशील. दोन दिवस एअर काढत बसलो, पेडल काय वर येईना. बाटल्यावर बाटल्या ऑइल गेलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानातलं पोरगं चहा द्यायला आलं आन् म्हणालं, "मामा, निपल खालतीकडं का हाय?" डावा कॅलिपर उजवीकडं बसवलेला! एअर वर जाऊन बसणार आन् एअर काढायचं निपल बुडाला. शंभर वर्सं पंप मारला तरी ती निघणार न्हाई. कॅलिपर आदलाबदल केली, दहा मिंटात पेडल वर.

तिसरं, हँडब्रेक. कॅलिपर घेताना तारेवर चालणारा हँडब्रेक असलेलाच घ्यायचा. त्याचा पिस्टन दाबून आत जात न्हाई, फिरवत फिरवत घालावा लागतो. एस्टीमची केबल त्याला लांबीला पुरत न्हाई. मी जोडून केली, पर पन्हाळ्याच्या चढाला गाडी लावली की आजबी मागच्या चाकाला दगुड देतो.

खर्च 23 हजार, लेथ घरचा आसून. थांबण्यात फरक? खरं सांगू, कोरड्या रस्त्यावर काय बी न्हाई. पावसात मात्र पयल्या वर्षी दोनदा मागची चाकं आधी जाम झाली आन् गाडी आडवी. एकदा शिरोली नाक्याजवळ, फुडं उसाची ट्रॉली. त्या रात्री जेवान गेलं न्हाई. नंतर मागच्या लायनीत प्रेशर कमी करायचा व्हॉल्व घातला, तवा सरळ झाली.

दिसतं मातूर झ्याक.

अप्पा-फौंड्री (मंगळवार, सकाळी 6:30)

लेथवाल्या, हब कसा कापलास? कोपऱ्यात रेडियस, म्हणजे गोलाई, ठेवलास की टूल सरळ नेऊन काटकोन पाडलास?

उद्यमनगरचा-लेथवाला (मंगळवार, सकाळी 8:10)

काटकोनच असंल अप्पा. तवा कुठं एवढं डोक्यात.

अप्पा-फौंड्री (मंगळवार, सकाळी 8:45)

मग या आठवड्यात चाकं उतरव आणि शिरोलीला घेऊन ये. बत्तीस वर्षं मोल्डिंग लाइनवर काढली मी. असले ड्रम ग्रे आयर्नचे, म्हणजे साध्या बिडाचे असतात. दाबाला लोखंडासारखे, ताणाला खापरासारखे. ज्या कोपऱ्यात तू काटकोन पाडलास तिथनंच तडा चालू होतो. तो सुरवातीला केसाएवढा असतो, डोळ्याला दिसत नाही. डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट करून घेऊ. लाल रंग मारायचा, पुसायचा, पांढरी पावडर फवारायची. तडा असला तर लाल रेघ वर येते. अर्ध्या तासाचं काम, पैसे घेणार नाही.

एस्टीमवाल्या, तुलाही सांगतो. गावात ओतकाम आहे, लेथ आहे, लेझर आहे, म्हणून काहीही करता येतं असं वाटतं. करता येतंच. फक्त ब्रेकच्या बाबतीत "बसलं" आणि "चाललं" यात लई अंतर असतं. हब करायचाच असेल तर नवीन, फोर्ज केलेल्या स्टीलचा किंवा निदान एसजी आयर्नचा, म्हणजे चिवट बिडाचा, ड्रॉइंग काढून. जुना ड्रम तासून नको.

एस्टीम-09 (मंगळवार, दुपारी 2:05)

अप्पा, लेथवाले दादा, मनापासून आभार. एक बाळबोध शंका. चारही चाकांना ब्रेक आहेत, मग मागं चांगले ब्रेक टाकून थांबण्यात फरक का पडत नाही?

घाटवाट (मंगळवार, रात्री 9:50)

ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो टायर. आणि टायरची पकड त्याच्यावर किती वजन आहे त्यावर ठरते.

तुमच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2365 मिलिमीटर. एकटे बसलात तर वजन 900 किलोच्या आसपास, पैकी मागं साधारण 340. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर धरू. जोरात ब्रेक मारला की सव्वाशे-दीडशे किलो पुढं सरकतं, मागं राहतं 200 च्या आसपास. जेमतेम पाव हिस्सा. तेवढ्या वजनावरचं चाक जाम करायला ड्रम पुरून उरतो. त्याहून जोर लावलात तर चाक जाम होऊन घसरतं, आणि मागचं चाक पुढच्याच्या आधी घसरलं की गाडी फिरते. लेथवाल्यांना शिरोली नाक्यावर दिसलं ते हेच.

कारखान्यानं मागच्या लायनीत प्रेशर आवरणारा जो प्रपोर्शनिंग व्हॉल्व दिलेला असतो तो ड्रमच्या हिशोबानं. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच आणखी दाबतो. डिस्कमध्ये तसं काही नाही, म्हणून तिला मोठा पिस्टन लागतो. शू ढकलणाऱ्या 17 मिलिमीटरच्या व्हील सिलिंडरच्या जागी 34 चा कॅलिपर आला की क्षेत्रफळ चौपट. त्याचा पिस्टन सरकतो कमी, तरी मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोरानं ऑइल ढकलतो तो), व्हॉल्व आणि पेडल यांचं मूळ गणित मोडतंच. एक भाग बदलला की ओळीनं सगळेच बदलावे लागतात, आणि "स्वस्तात" हा शब्द तिथंच गळून पडतो.

विमा-सर्व्हेअर (बुधवार, सकाळी 10:20)

कोरडी पण कामाची गोष्ट. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे कलम कडक धरलंय. आरसीवर ब्रेकचा प्रकार लिहिलेला नसतो, म्हणून "कोण बघतंय" असं लोक म्हणतात. अपघातानंतर मी बघतो. वेल्डिंगची प्लेट आणि भंगारातला कॅलिपर दिसला की माझ्या अहवालात ते येतं, आणि पुढचा वाद तुम्हाला महाग पडतो.

कसबा-बावडा (बुधवार, सकाळी 10:31)

सायेब, लेथवाल्याची गाडी बघितल्याली न्हाई असं समजा.

झेनवाली-मंगळवार-पेठ (बुधवार, दुपारी 3:40)

मी माझ्या झेनचे ड्रम स्वतः उघडलो होतो मागच्या दिवाळीत. (होय, बाईच आहे. आम्ही कोल्हापुरात आलो-गेलोच म्हणतो, पुणेकरांनी गोंधळून जाऊ नये.) एस्टीमदादा, आधी हे करून बघा.

हँडब्रेक किती टिक वर येतोय ते मोजा. माझा नऊ-दहा टिक यायचा. ड्रम उघडलो तर अ‍ॅडजस्टर गंजून गच्च झालेला. शू झिजत गेले की तो आपोआप अंतर भरून काढतो, पण जाम झाला की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतच जातं. मग पेडल लांब जातं, मागचे ब्रेक नावाला उरतात आणि सगळा भार पुढच्यांवर. पुढचे तापणार नाहीत तर काय होणार?

व्हील सिलिंडरचे रबरी बूट बोटानं उचलून बघा. आत ओलं लागलं की सिलिंडर गेला. नुसतं किट टाकून भागवू नका, आत गंजाचे खड्डे असले की नवं रबरही पंधरा दिवसांत कापतं.

आणि आतली काळी धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका, कुठला गॅरेजवाला कितीही हसू दे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मारायचा, खाली ट्रे धरायचा, तोंडाला मास्क.

पद्मिनी-प्रेमी (बुधवार, रात्री 8:15)

धाग्यात घुसतोय, माफी. माझी 1986 ची पद्मिनी, चारी बाजूंनी ड्रम. मलाही नको म्हणणार का?

घाटवाट (बुधवार, रात्री 10:00)

तुमचं प्रकरण वेगळं. पुढं ड्रम असतील तर पुढं डिस्क आणण्यात खरा फायदा आहे, कारण काम तिथं होतं. कायदा मात्र तुम्हालाही तोच. शिवाय ड्रमवाल्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये लायनीत थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व असू शकतो. तो तसाच ठेवून डिस्क जोडली तर पॅड कायम घासत राहतात. वेगळा धागा काढा, इथं गर्दी होईल.

एस्टीम-09 (रविवार, सायंकाळी 6:30)

उघडले. काल दुपारी सुरू केलं, आज जेवणानंतर संपलं. चुलतभाऊ मदतीला होता.

डावा ड्रम निघेचना. अ‍ॅडजस्टर मागून ढिला करून, चारी बाजूंनी लाकडी हातोड्यानं ठोकत ठोकत आणला. आत बघतो तर शू ओले. व्हील सिलिंडरचा बूट उचलला आणि बोटावरून काळं ऑइल ओघळलं. लायनर त्यात भिजून चकाकत होता, बुटाला पॉलिश केल्यासारखा. हे चाक ब्रेक लावतच नव्हतं. उजवीकडं झेनवाल्या ताईंनी सांगितलं तेच, अ‍ॅडजस्टरचे दाते गंजून एक झालेले. शूची जाडी मात्र भरपूर! म्हणजे हे चाकही बऱ्याच दिवसांत कामाला गेलं नव्हतं. हँडब्रेक अकरा टिक.

म्हणजे त्या दिवशी घाटात आम्ही पाच जण, गूळ आणि सगळा उतार पुढच्या दोन चाकांवर होतो.

दोन्ही व्हील सिलिंडर नवे, शूचा सेट नवा, स्प्रिंगा नव्या, अ‍ॅडजस्टर सोडवून ग्रीस लावून बसवले. ड्रम लेथवाल्या दादांकडं नेले, एक हलका कट मारून आतली कड काढली. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, अजून त्याच्या आत आहे. रबरी होज पाइप चारही बदलले, वीस वर्षांचे होते. सगळं जुनं ऑइल काढून डॉट 4. पुढचे पॅडही नवे टाकले, जुने कडेला जळून पांढरे झाले होते.

सगळं धरून 6,850. दादांनी टर्निंगचे पैसे घेतले नाहीत, चहा मात्र तीन वेळा पाजायला लावला.

झेनवाली-मंगळवार-पेठ (रविवार, सायंकाळी 7:05)

हँडब्रेक आता किती टिक?

एस्टीम-09 (रविवार, सायंकाळी 7:12)

पाच. अंबाई टँकच्या चढावर लावून बघितली, हलली नाही.

उद्यमनगरचा-लेथवाला (सोमवार, रात्री 9:30)

अप्पांकडं जाऊन आलो. उजव्या हबाला काय न्हाई. डाव्याला पावडर मारली आन् कोपऱ्यात दोन इंच लाल रेघ उठली. अप्पा काय बोललं न्हाईत. नुसतं चष्मा काढून पुसला.

गाडी तिथंच ठिवून रिक्षानं घरी आलो. मूळ ड्रम आन् बॅकप्लेट हुडकायलोय. कुणाकडं एस्टीमचं चांगलं जोड आसलं तर कळवा.

कसबा-बावडा (सोमवार, रात्री 9:41)

कावळा नाक्याच्या अलीकडं एक भंगारवाला हाय, त्याच्याकडं एक एस्टीम उभी हाय बघ, पांढरी. उद्या येतो घेऊन तुला गाडीवर.

एस्टीम-09 (पुढचा शनिवार, रात्री 11:20)

आज करूळ उतरून आलो. मुद्दाम तीच माणसं, गूळ तेवढा कमी. वरपासून खालपर्यंत दुसरा गिअर, ब्रेक लागेल तेवढाच, दाबून सोडायचा. पेडल वरच्या वर. खाली थांबून चाकाजवळ हात नेला, चारही चाकांना ऊब. वडील शेजारी बसले होते, दुसऱ्या गिअरचा आवाज ऐकून तीनदा म्हणाले, "इंजिन ओरडायलंय, न्यूट्रल कर." केलं नाही.

रिव्हर्स घेताना मागून बारीक कुईं आवाज येतोय अजून. शू बसेपर्यंत येईल का?

आणि एक कबुली. धागा काढला त्याच्या आदल्याच दिवशी भंगारातनं कॅलिपरची जोडी घेऊन ठेवली होती, हँडब्रेकवाली, साडेतीन हजाराला. घरात कॉटखाली आहे, बायकोला पत्ता नाही. कुणाला मूळ गाडीसाठीच हवी असेल तर सांगा. विमा-सर्व्हेअर साहेब, तुम्ही हा परिच्छेद वाचला नाही.

झेनवाली-मंगळवार-पेठ (पुढचा शनिवार, रात्री 11:34)

आवाज दोनशे किलोमीटरमध्ये गेला नाही तर बॅकप्लेटवर शू टेकतो त्या उंचवट्यांना चिमटीभर ग्रीस लावा. लायनरला लागू देऊ नका. आणि कॅलिपर कॉटखाली ठेवलेत ते ऑइल गळतंय का बघा, फरशीवर डाग पडला की पत्ता लागतोच.